गंजक्या गाडीतून अक्कांच्या माहेरी

आखाजीच्या उन्हात खानदेशात कोण जातं, असं मला नाशकातल्या चार शहाण्या बायकांनी विचारलं. मी म्हटलं, जिला सासू आहे ती जाते. शिवाय आमच्या दारात तेव्हा नवीकोरी जुनी गाडी उभी होती, आणि गाडी दारात असली की माणसाला उगीचच वाटतं, आपण कुठंही जाऊ शकतो.

गाडी माझ्या मामेभावाची, रत्नागिरीची. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. गाडी चौदा वर्षांची होती, पण पांढरा रंग असा चकचकीत की ह्यांनी एकदा दार उघडून लावून पाहिलं आणि लगेच हो म्हणून टाकलं. मी कोकणातली. खारा वारा लोखंडाचं काय करतो ते मला लहानपणापासून ठाऊक. आमच्या खिडक्यांच्या गजांचा गंज हाताला लागे, विळीला आठवड्यात तांबेरा चढे. तरी मी गप्प राहिले, कारण गाडी माहेरची होती. माहेरच्या वस्तूला नावं ठेवायची नसतात हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

गाडी घेतली ती मुळात अक्कांसाठी. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. गुडघे गेलेले, एस.टी.ची पायरी चढवत नाही. त्यांचं माहेर जळगावच्या पुढं, नशिराबादहून आडवाटेनं पाच-सहा किलोमीटर आत, केळीच्या बागांत. तिथं त्या अकरा वर्षं गेल्या नव्हत्या. गुडघे तर तीन वर्षांपूर्वी गेले. आधीची आठ वर्षं कशात गेली ते त्या सांगत नसत.

मला ते ह्यांनी सांगितलं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात. दिवाळीपेक्षा मोठं अप्रूप. पण उठलं आणि गेलं असं नाही. भाऊ किंवा बाप न्यायला यावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. अक्कांचे धाकटे भाऊ, आबा, दर वर्षी यायचे. एका वर्षी आले नाहीत. अक्का पेटी भरून सकाळपासून ओट्यावर बसल्या होत्या, त्या दिवे लागल्यावर आत आल्या. पुढच्या वर्षी अक्कांनी 'ये' म्हणून पत्र पाठवलं नाही, आणि आबाही आले नाहीत. तो तिच्या पत्राची वाट बघतोय, ही त्याच्या पावलाची. असं करत करत अकरा आखाज्या गेल्या.

मला हसूच आलं. आमच्याकडे गणपतीला आम्ही एस.टी.त उभ्यानं माहेरी जातो, आणि न्यायला कुणी आलंच तर छातीत धस्स होतं, की घरी काय झालं. पण अक्का सत्तरीच्या झाल्या होत्या. मी ह्यांना म्हटलं, "या वर्षी आपण न्यायचं. मुराळी तुम्ही."

"मुलगा मुराळी होत नाही," हे म्हणाले. पण रजा टाकली.

धुळे

पहाटे निघालो ते ऊन चढायच्या आत धुळं गाठायचं म्हणून. अक्का मागच्या सीटवर. शेजारी त्यांची ती जुनी पत्र्याची पेटी. पदरात कांदा बांधलेला, ऊन लागू नये म्हणून. मलाही एक दिला. मालेगाव सोडलं तशी बाहेरची माती काळी झाली, बाभळी वाढल्या आणि अक्कांची भाषा बदलली. नाशकात 'मला पाणी दे' म्हणणाऱ्या अक्का आर्वीच्या अलीकडे 'मले पानी दे' म्हणाल्या. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

धुळ्यात शिरताना मागचं चाक बसलं. ह्यांनी जॅक लावला आणि फिरवायला लागले. जॅक वर चालला होता, गाडी जागची हलत नव्हती. मग खालून कर्रकर्र असा आवाज आला, आणि जॅकचं डोकं दाराखालच्या पत्र्यातून थेट आत गेलं. मोठ्या पापडात बोट जावं तसं. भोकातून मूठभर तांबडी भुकटी रस्त्यावर सांडली.

पारोळा रोडवरचे एक मिस्त्री आले. पन्नाशीचे, कानाला पेन्सिल. उताणे होऊन गाडीखाली गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. नुसता पेचकसाचा टकटक आवाज. आले ते हातात पत्र्याचा एक तुकडा घेऊन.

"ताई, हाई बठ्ठं सडी जायेल शे," ते म्हणाले. "कोनी तरी लांबी भरी भरीसन वरथीन रंग मारेल शे. वरथीन नवरी, खालथीन डोकरी."

बठ्ठं म्हणजे सगळं, आणि लांबी म्हणजे रंगाआधी खड्डे बुजवायला लावतात ती लुकण. गाडीच्या खाली दोन्ही बाजूंनी जो लांब पत्रा असतो, ज्यावर सगळं अंग उभं राहतं, तो नावालाच उरला होता. मागच्या सीटखाली तर पायपुसणं उचललं की धुळ्याचा रस्ता दिसत होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या माहेरची भेट," एवढंच म्हणाले. आणखी काही बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मिस्त्रींचं म्हणणं, नाशिकला परत जा. सावकाश गेलात तर पोचाल. पुढं जळगावपर्यंत डांबर आहे, पण आतल्या कच्च्या रस्त्याचा भरवसा नाही.

त्या रात्री धुळ्यातच ह्यांच्या एका मित्राकडे मुक्काम होता. जेवायला शेवेची भाजी होती, तिखट अशी की माझ्या कोकणी जिभेला घाम फुटला. अक्का दोन घास जास्तच जेवल्या. हात धुताना मला म्हणाल्या, "देवानंच सांगितलं. उद्या परत चला."

त्यांचा आवाज मला ओळखीचा होता. परीक्षेच्या दिवशी पोटात दुखतं म्हणणाऱ्या मुलीचा असतो तसा. बाईला भीती वाटत होती. न बोलावता जायचं, आणि भाऊ दारात येऊन 'काऊन आली', का आलीस, असं म्हणाला तर? तेवढ्या एका शब्दासाठी त्यांनी अकरा वर्षं घालवली होती.

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. मामेभावाचा, लांबीचा, त्या न आलेल्या आबांचा आणि सगळ्यात जास्त माझा. मी म्हटलं, "अक्का, गाडी माझ्या माहेरची आहे. ती तुमच्या माहेरी पोचल्याशिवाय मी परत फिरणार नाही."

"तू लई हट्टी हाये," अक्का म्हणाल्या.

"तुमच्याच घरात शिकले."

सकाळी मिस्त्रींनी मागच्या सीटखाली बाभळीची एक फळी आडवी घातली आणि तारेनं आवळली. "चाली," म्हणाले. "पन मांगे वजन नका टाकू. नी खड्डामा हळू." पेटी आणि मी हलक्या, म्हणून आम्ही मागे, अक्का पुढं ह्यांच्या शेजारी.

नशिराबादच्या पुढं

पारोळा, एरंडोल, जळगाव. रस्त्याला उसाच्या रसाची गुऱ्हाळं आणि टरबुजांचे ढीग. खड्डा आला की हे "हं" म्हणत, मी दोन्ही हातांनी पुढची सीट धरून अंगाचं वजन कमी करायचा प्रयत्न करत असे. त्यानं काही होत नाही हे कळत होतं, तरी करत होते. नशिराबाद आलं तेव्हा अक्कांनी केस सारखे केले.

नशिराबाद सोडून आडवाटेला लागलो आणि एकदम हिरवं झालं. दोन्ही बाजूला केळी. आत ओल, बाहेर फुफाटा. मी कोकणातली, केळी मला नवी नाही. पण आमची परसात चार असतात. इथं एकदा बाग सुरू झाली की संपतच नव्हती. त्या बघण्यात मी होते, आणि गावाच्या अलीकडे दीड-दोन किलोमीटरवर चाकोरीतून गाडी वर चढताना खालून मोठा आवाज झाला. फळी राहिली, फळी जिच्यावर टेकली होती तो पत्रा गेला. गाडी मधोमध खाली बसली.

हे उतरले, मी मागच्या दारातून कशीबशी निघाले. अक्कांचं दार उघडेना. गाडीनं पोट टेकल्यावर चौकट वाकडी झाली आणि दार त्यात घट्ट बसलं. हे बाहेरून ओढतायत, अक्का आतून ढकलतायत, दार ढिम्म. ह्यांच्या बाजूनं काढावं तर मध्ये गिअर, आणि अक्कांचे गुडघे वाकत नाहीत. काच तेवढी खाली आली.

सायकलवरून एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, चालला होता, बागेतलं काम आटपून. थांबला, आत डोकावला, आणि अक्कांकडे बघतच राहिला.

"आबाची अक्का ना तुमी?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "आणि कोणाले सांगू नको."

तो सायकलवर बसला आणि गावाकडे जो सुटला, तो दिसेनासा झाला तरी साखळीचा आवाज मला ऐकू येत होता.

अर्धा तास गेला असेल. आम्ही अक्कांना वारा घालतोय, कांद्याचा वास देतोय. मग केळीच्या मधून घुंगरांचा आवाज आला. मला वाटलं, गाडी ओढायला ट्रॅक्टर आणतील. आली बैलगाडी. टायरची. आणि मी पाहिलं ते हे, की गाडीत दोर नव्हता, साखळी नव्हती. गोधडी अंथरलेली होती, तिच्यावर एक तक्क्या. हाकणारा म्हातारा उंच, वाळलेला. सदरा घामानं भिजलेला, पण टोपी कडक धुतलेली, घडीची. मोडकी गाडी बघायला येणारा माणूस टोपी बदलून येत नाही.

आबा उतरले. बैलांना बाभळीखाली उभं केलं. अक्कांच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. अक्का समोर बघत होत्या.

"अक्का, उतर."

"मी काही आपणहून आलेली नाही," अक्का समोर बघतच म्हणाल्या. "आम्ही नशिराबादले चाललो होतो."

"नशिराबाद मांगं राह्यलं."

बैलांनी माना हलवल्या. हे उगीचच टायर बघायला लागले.

"अकरा वर्सं, रघू," अक्का म्हणाल्या.

"हो."

"पेटी भरून बसली होती मी. दिवे लागेलोक."

"माहीत हाये. कोणी सांगितलं नाही, पण माहीत हाये." आबांनी टोपी काढली, परत घातली. "तुझी भावजय तवा जळगावले दवाखान्यात होती. आठ दिवस. घरी आलो तं आखाजी निंघून गेली होती. मंग म्हटलं, आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

"हेच आणायचं होतं," अक्का म्हणाल्या. "दुसरं कुठं होतं तुझ्याजवळ?"

आणि त्या रडल्या. मोठ्यानं नाही. आबा खिडकीत हात घालून नुसते उभे होते. मीही रडले, लपवत नाही. माझे डोळे पुसायला पदर हातात घेतला तर त्यात कांदा.

मग आबा खाली बसले, गाडीखाली वाकून पाहिलं. "कंबर गेली हिची," म्हणाले. बैल सोडल्यावर गाडीच्या जुवाखाली टेकू देतात ते लाकूड त्यांनी काढून आणलं. एक धोंडा घेतला, धुळ्याची फळी घेतली, आणि लाकडाचं टोक फळीखाली घालून, धोंड्यावर तोलून, सगळ्या अंगानं त्यावर भार दिला. ह्यांनीही दिला. गाडीचं पोट चार बोटं उचललं आणि दार टक् करून आपोआप उघडलं.

आबांनी हात पुढं केला. "चल. घ्यायले आलो."

अक्का उतरल्या, गोधडीवर बसल्या. पेटी मागितली आणि मांडीशी घेतली. गावात शिरताना ओट्यांवरच्या बायका उठून उभ्या राहत होत्या, आणि अक्का प्रत्येकीला एकच सांगत होत्या, "रघू घ्यायले आला होता."

आखाजी

दुसऱ्या दिवशी आखाजी. चुलीवर पालथं खापर, म्हणजे घमेल्याएवढं मातीचं भांडं, आणि त्यावर हातावर फिरवून फिरवून मोठी केलेली पुरणपोळी टाकायची. पोळी रुमालासारखी पातळ. मी एक करून पाहिली. ती खापरावर अर्धी, चुलीत अर्धी पडली. भावजय, म्हणजे आबांची बायको, म्हणाल्या, "राहू दे माय, तू खायाचं काम कर." ते मी नीट केलं. आंब्याचा रस, पुरणाची तिखट रसई, म्हणजे कटाची आमटी, वर तूप. पितरांसाठी घागर पुजली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. निंबाला झोके बांधले होते. अक्कांच्या वयाच्या तीन बायका झोक्यावर बसल्या, आणि चौथ्या अक्का. गुडघे वाकत नव्हते तर पाय सरळ ठेवूनच. मी झोका द्यायला गेले तर म्हणाल्या, "तू नको. रघू देईल."

गाडी आलो त्याच दुपारी बैलांनीच गावात ओढून आणली होती. तिसऱ्या दिवशी नशिराबादहून वेल्डिंगवाले आले, खाली गेले आणि बाहेर येऊन त्यांनी तेच सांगितलं जे धुळ्यानं सांगितलं होतं. फक्त त्यात अहिराणीतलं 'शे' नव्हतं. म्हणाले, जोडू कशाला? जोडायला धड पत्रा हवा. मधे एक मजबूत पट्टी घातली तर नाशिकपर्यंत जाईल. एवढी लांब, एवढी जाड पट्टी त्यांच्याकडे नव्हती, आणि सणाला दुकानं बंद.

आबा गोठ्यामागं गेले. तिथं लाकडी चाकांची एक जुनी बैलगाडी पडली होती. टायरची आल्यापासून कुणी हलवली नव्हती. चाकं उधईनं खाल्लेली. पण चाकाभोवतीची लोखंडी धाव जशीच्या तशी. आबांनी ती घणानं मोकळी केली आणि गोल गोल ढकलत आणली.

"ह्याच गाडीतून मी तुले आणाचो," ते अक्कांना म्हणाले. "टेसनावरून."

अक्कांनी धावेवरून एकदा हात फिरवला. तळहात पाहिला. डाग नव्हता.

लोहारानं ती तापवून सरळ केली, वेल्डिंगवाल्यांनी दोन्ही टोकं जिथं जिथं धड लोखंड सापडलं तिथं पकडून बसवली. मध्येच वीज गेली, दोन तास सगळे निंबाखाली गप्पा मारत बसले. संध्याकाळी गाडी उभी राहिली. चारही दारं लागत होती. ह्यांनी चारदा लावून पाहिली.

परत

निघताना घोटाळा व्हायचा तो झालाच. वजन नको असं हे ओरडून सांगत होते, आणि गावातून एकेक बाई येऊन मागच्या सीटवर काहीतरी ठेवून जात होती. उडदाचे पापड, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ, लोणच्याची बरणी, केळीचा घड. माहेरवाशीण मोकळी जात नाही म्हणे. शेवटी ह्यांनी घड उतरवायला हात घातला, तर वेल्डिंगवालेच म्हणाले, "राहू द्या साहेब. खाली धाव हाये."

धुळ्यात मुद्दाम थांबलो. मिस्त्री उताणे झाले, खाली गेले, आणि खालूनच हसू ऐकू आलं. "आते हाई मोटार नही राहिनी," ते म्हणाले. "बैलगाडी शे."

इथपर्यंत मी परत आल्यावर पंधरा दिवसांत लिहिलं होतं. मग पाऊस आला आणि राहिलं. त्या पावसात गाडीही राहिली. आता पत्राच नव्हता तर धाव कशाला धरून राहणार? दिवाळीनंतर दारांचे खालचे काठ हातात यायला लागले, आणि ह्यांनी ती कंपाउंडच्या कोपऱ्यात कायमची लावली. भंगारवाला बघून गेला. मी म्हटलं, सगळं ने, खालची एक पट्टी सोडून. तो म्हणाला, तीच तर धड आहे. मी म्हटलं, म्हणूनच.

म्हणजे या आखाजीला गाडी नव्हती. पण आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला बाहेर आले तर अक्का ओट्यावर बसलेल्या, शेजारी पेटी. दहा वाजले, बारा वाजले. जेवण तिथंच दिलं. दोन वाजता म्हटलं, "अक्का, आत या, ऊन लागेल."

"बसू दे," म्हणाल्या. कांदा होता पदरात.

चार वाजून गेले. मी आत जाऊन देवापुढं उगीचच उभी राहिले. मग रस्त्यावर मोठा हॉर्न वाजला. आमच्या गल्लीत कधी न शिरणारा एक ट्रक तोंड घालून उभा होता. मागे केळीची वाळकी पानं. मुंबईला माल टाकून रिकामा परत चाललेला. केबिनमधून आबा उतरले, त्याच ट्रकनं मुंबईपर्यंत जाऊन आलेले. टोपी घडीची. हातात पाट, अक्कांना वर चढताना पायाखाली ठेवायला.

येता येता ते कोपऱ्यातल्या गाडीपाशी थांबले. वाकून खाली पाहिलं, बोटांनी धाव वाजवली. मग ओट्याशी आले.

अक्कांनी सूर्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"उशीर केला रे."

"आलो ना पण," आबा म्हणाले, आणि त्यांनी पेटी उचलली.